परतीचा भरवसा

दीड-दोन वर्षांचं मूल आईपासून दूर जातं, ते तिला विसरून नव्हे. ती मागे आहे, वळून पाहिलं की दिसेल आणि धावत गेलं की उचलून घेईल, हे ठाऊक असतं म्हणून त्याचं पाऊल पुढे पडतं. कुठल्याही बागेत संध्याकाळी हे पाहता येईल. मूल चार पावलं जातं, थांबतं, मागे पाहतं, पुन्हा चार पावलं जातं. ज्या दिवशी आई नेहमीच्या बाकावर दिसत नाही, त्या दिवशी त्याला घसरगुंडीही नको असते आणि वाळूही नको असते. दूर जाण्याचं बळ परतीच्या भरवशातून येतं, एवढा एकच विचार मला इथे मांडायचा आहे. त्यासाठी मी जागा निवडली आहे ती क्रूझच्या जहाजाची.

जहाजच का, तर लहान मूल घेऊन समुद्रावर सुट्टी घालवण्याची कल्पना आता मराठी घरांमध्ये रुळू लागली आहे. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारं जहाज असतं. पुण्या-मुंबईहून विमानाने सिंगापूर गाठून तिथून पेनांग, फुकेतची तीन-चार रात्रींची फेरी करणारी कुटुंबंही पुष्कळ असतात. सहलीच्या माहितीपत्रकात मुलांच्या क्लबचं एक रंगीत चित्र हमखास छापलेलं असतं. मूल तिथे रमेल आणि आपल्याला दोन घटका निवांत मिळतील, अशी आशा ते चित्र पाहून आई-बाबांच्या मनात येते. ही आशा योग्यच आहे. मात्र ती पुरी होईल की नाही, हे क्लबमधल्या खेळण्यांवर फारसं ठरत नाही. मुलाला परतीची खात्री किती आहे, यावर ते ठरतं.

या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास गेल्या शतकात झाला. जॉन बोल्बी या इंग्लिश मानसोपचारतज्ज्ञाने मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातल्या बंधाची उपपत्ती मांडली. त्यांची सहकारी मेरी एन्सवर्थ १९५४-५५ मध्ये युगांडात राहिली, घरोघरी जाऊन तान्ह्या मुलांना पाहत बसली. रांगतं मूल आईला सोडून कुतूहलाने इकडेतिकडे जातं आणि मधूनमधून तिच्याकडे येऊन पुन्हा निघतं, हे तिने बारकाईने टिपलं. आई ही मुलाची सुरक्षित जागा असते आणि तिथूनच ते जगाचा शोध घ्यायला निघतं, हा विचार पुढे या बंधाच्या उपपत्तीचा एक पाया ठरला. दूर जाणं आणि चिकटून राहणं यांना आपण एकमेकांच्या विरुद्ध समजतो. एन्सवर्थच्या निरीक्षणातून दिसतं की दोन्ही एकाच भरवशावर उभी असतात. ज्याला जवळ येण्याची मुभा निश्चित आहे, तेच मूल लांब जाण्याचं धाडस करतं.

जहाजांचे स्वतःचे नियमही याच तत्त्वाला धरून आहेत. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या बहुतेक सफरींवर बाळ किमान ६ महिन्यांचं असावं लागतं. सलग तीन किंवा अधिक दिवस किनारा न लागणारी सफर असेल, तर ही अट १२ महिन्यांवर जाते. यामागचा विचार उघड आहे. जहाजावर डॉक्टर आणि परिचारिका असतात, पण बालरुग्णालय नसतं. बाळ जितकं लहान, तितकं किनाऱ्यापासूनचं अंतर जोखमीचं. किती लांब जायचं, हे किती लवकर परतता येईल त्यावर ठरवायचं, ही शहाणीव कंपनीने नियमात बांधली आहे. आई-बाबांनी तीच शहाणीव क्लबच्या दारापाशी वापरायची आहे.

आता त्या दाराकडे येऊ. पहिली अडचण अशी की माहितीपत्रकातल्या त्या रंगीत दालनात अडीच वर्षांच्या मुलाला बहुधा प्रवेशच नसतो. रॉयल कॅरिबियनचा ‘ॲडव्हेंचर ओशन’ क्लब पूर्ण ३ वर्षांच्या मुलांपासून सुरू होतो आणि मूल डायपरमधून पुरतं सुटलेलं असावं लागतं. दिवसाच्या वेळेचे पैसे तिकिटात धरलेले असतात, रात्री दहानंतर तासाप्रमाणे वेगळे पडतात. ६ ते ३६ महिन्यांच्या मुलांसाठी त्यांच्या अनेक जहाजांवर स्वतंत्र नर्सरी आहे. तिथे तासाप्रमाणे पैसे द्यावे लागतात, जागा मोजक्या असतात आणि आधी नोंदवाव्या लागतात. डिस्नेच्या जहाजांवरही तीन वर्षांच्या आतल्यांसाठी पैसे देऊन नर्सरी आणि तीन वर्षांपासून पुढच्यांसाठी क्लब अशीच विभागणी आहे. कार्निव्हल कंपनीचा क्लब दोन वर्षांपासूनच्या मुलांना घेतो. नॉर्वेजियन कंपनीच्या काही जहाजांवर तिनाच्या आतल्या मुलांसाठी खेळाची वेळ असते, पण तिथे आई किंवा बाबांनी मुलासोबत बसायचं असतं. म्हणून तिकीट काढण्याआधी ‘क्लब आहे का’ एवढं विचारून भागत नाही. प्रवासाच्या दिवशी आपल्या मुलाचं वय किती महिने असेल आणि त्या वयाला नेमकं काय उघडं आहे, हे विचारायला हवं.

वयाची आणि डायपरची ही रेघ अनेकांना जाचक वाटते. दोन वर्षं अकरा महिन्यांचं मूल पुढच्या महिन्यात असं काय वेगळं होणार, असा प्रश्न पडतो. पण तीन वर्षांचं मूल शू लागल्याचं सांगू शकतं, दुखतंय कुठे ते दाखवू शकतं, ‘आई कधी येणार?’ असं विचारू शकतं. परक्या माणसाजवळ राहण्यासाठी लागणारी ही शिदोरी आहे. ती तयार नसताना वय फुगवून सांगणं किंवा ‘आता डायपर लागत नाही’ असं ठोकून देणं, यात गैरसोय होते ती मुलाचीच. पोहण्याच्या तलावाचंही तसंच आहे. डायपरमधल्या मुलाला, अगदी पोहण्याचा खास डायपर घातला तरी, मुख्य तलावात उतरू देत नाहीत. काही जहाजांवर अशा मुलांसाठी पाण्याचे वेगळे फवारे असतात, तेवढेच त्याचे. हे आधी माहीत असेल तर तलावाच्या काठावर रडारड होत नाही.

समजा, नर्सरीत जागा मिळाली. मुलाला तिथे सोडण्याचा क्षण आला. आपल्याकडे अशा वेळी एक जुनी युक्ती वापरली जाते. ‘तो बघ काऊ’ म्हणून मुलाची मान खिडकीकडे वळवायची आणि आईने हळूच सटकायचं. घराबाहेर पडताना आजी, मावशी, शेजारच्या काकू सगळ्याच हे करतात, मायेपोटीच करतात. तेवढ्यापुरतं रडणं टळतंही. पण मूल काऊ पाहून वळतं आणि आई नाहीशी झालेली असते. त्यातून ते एवढंच शिकतं की नजर हलवली की आई जाते. मग पुढे ते नजर हलवायलाच तयार होत नाही, पदराला घट्ट धरून बसतं आणि आपण म्हणतो, फार हट्टी झालाय. निरोप उघडपणे घ्यावा. खाली बसून, डोळ्यांत पाहून सांगावं की मी जाते आहे आणि मी परत येणार आहे. त्याने रडावं, त्याला तो हक्क आहे. निरोपाच्या वेळचं रडू हा त्याचा विरोध असतो. सांगून गेलेली आई सांगितल्याप्रमाणे परत आली, की पुढच्या खेपेला त्या विरोधाला उत्तर मिळालेलं असतं.

परत येणार म्हणजे कधी, हेही त्याला कळेल असं सांगायला हवं. दोन वर्षांच्या मुलाला ‘एका तासाने’ याचा अर्थ लागत नाही. त्याचा काळ घटनांच्या क्रमाने चालतो. अंघोळ, मग मंमं, मग गाई. म्हणून ‘तू खाऊ खाल्लास की आई येईल’ असं सांगावं, आणि खाऊची वेळ कोणती हे तिथल्या ताईला विचारून त्याच वेळी दारात हजर राहावं. पहिल्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त ठेवू नये. जहाज किनाऱ्याला लागलेलं नसतं तो दिवस यासाठी उत्तम, कारण आपल्यालाही कुठे जायची घाई नसते. थोड्या वेळाच्या अशा दोन खेपा जमल्या की मग तिसऱ्या खेपेला दोघांनी शांतपणे जेवायला बसावं. सुरुवातीलाच तीन तासांचं नाटक पाहायला जाणं म्हणजे मुलाला भरवसा जमवायला वेळच न देणं.

परतणारी आई जितकी महत्त्वाची, तितकंच मधल्या वेळात कोण आहे हेही महत्त्वाचं. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली इस्पितळात दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. आई-वडिलांना ठरावीक वेळीच भेटू देण्याचा त्या काळचा रिवाज मुलांवर काय परिणाम करतो, हे त्यातून लोकांना दिसलं. पुढे १९५९ च्या प्लॅट अहवालाने ब्रिटनमधल्या इस्पितळांना मुलांच्या भेटीची बंधनं सैल करायला सांगितलं. नंतर जेम्स आणि त्यांची पत्नी जॉइस यांनी आणखी काही मुलांचं चित्रण केलं. त्यातला जॉन १७ महिन्यांचा होता. आई बाळंतपणाला गेली म्हणून तो नऊ दिवस एका निवासी पाळणाघरात राहिला. तिथल्या दाया प्रेमळ होत्या, पण पाळीप्रमाणे बदलत होत्या. तो एकीला धरू पाहायचा, तर ती निघून जायची. शेवटी आई आली तेव्हा तो तिच्याकडे जाईना. याउलट ज्या मुलांना रॉबर्टसन दांपत्याने स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, जिथे एकच व्यक्ती दिवसभर त्यांची होती, ती मुलं हा वियोग बऱ्यापैकी पेलू शकली.

जहाजावरचे दोन तास आणि जॉनचे नऊ दिवस यांची तुलना होऊ शकत नाही, आणि आई-बाबांना घाबरवण्यासाठी मी ही हकिगत सांगत नाही. तिच्यातून एक साधी वाट मिळते. नर्सरीत पहिल्याच दिवशी विचारावं की उद्या याच वेळी इथे कोण असेल. ज्या ताईजवळ मूल जरा थांबलं, तिचीच पाळी पाहून पुढच्या वेळा नोंदवाव्यात. तिचं नाव मुलासमोर घ्यावं, नाश्त्याला ती दिसली तर त्याला हात करायला सांगावं. ओळखीचा एक चेहरा असला की परकी खोली निम्मी घरची होते.

त्या ताईला मुलाची भाषा मात्र येत नसते. कर्मचारी देशोदेशींचे असतात आणि आपसांत इंग्रजी बोलतात. आपलं मूल मात्र मंमं, दुदू, शू, शी, बाऊ, गाई, भूर एवढ्यावर आपलं जग चालवत असतं. ते ‘शू, शू’ म्हणत उभं राहिलं आणि कुणालाच कळलं नाही, तर त्याला वाटणारी असहायता मोठ्या माणसाच्या परमुलखातल्या असहायतेहून कमी नसते. म्हणून एका कागदावर रोमन अक्षरांत असे दहा-बारा शब्द आणि त्यांचा इंग्रजी अर्थ लिहून द्यावा. झोपताना कशावर थोपटायचं, कोणती गोधडी लागते, कशाची ॲलर्जी आहे, हेही त्यात यावं. घरून शिजवून आणलेलं अन्न बहुतेक कंपन्या जहाजावर चढवू देत नाहीत. सीलबंद बालाहार चालतो. जेवणाच्या टेबलावर साधा मऊ भात मागितला तर मिळतो. घरची जुनी गोधडी मात्र आठवणीने बॅगेत टाकावी. तिचा वास मुलाला ओळखीचा असतो.

जहाज किनाऱ्याला लागतं त्या दिवशी हा सगळा विचार नव्याने करावा लागतो. समुद्रात असताना आई-बाबा आणि मूल एकाच जहाजावर असतात. रॉयल कॅरिबियनची क्वांटम वर्गातली मोठी जहाजं सुमारे ३४८ मीटर लांब असतात, त्यांवर ४,००० हून अधिक प्रवासी असतात, तरीही कुठूनही नर्सरीच्या दारात पोहोचायला काही मिनिटंच लागतात. परतीची ही खात्री जमिनीवरच्या बहुतेक पाळणाघरांना देता येत नाही. अनेक कंपन्या बंदराच्या दिवशीही मुलाला ठेवून घेतात आणि आई-बाबांना गाव पाहायला जाता येतं. पण तेव्हा परतीची सूत्रं आपल्या हातात राहत नाहीत. पेनांगला धक्का जॉर्ज टाउनला लागूनच आहे, पायी फिरून परत येता येतं. फुकेतला जहाज पातोंगसमोर नांगर टाकून उभं असेल, तर छोट्या होड्यांनी ये-जा करावी लागते आणि रांगेत वेळ जातो. लक्षद्वीपला अगत्तीतही होडीनेच किनारा गाठायचा. शिवाय थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या मागे एक तास चालतं. मोबाइलने वेळ आपोआप बदलली आणि जहाजाची वेळ तीच राहिली, तर चूक महागात पडते. म्हणून मूल तीनच्या आतलं असेल, तर बंदराच्या दिवशी घरातलं एक मोठं माणूस जहाजावर राहावं किंवा मुलाला सोबत न्यावं, असं माझं ठाम मत आहे.

संकटाच्या वेळची परतवाटही आधीच समजून घ्यावी. जहाज सुटण्याच्या सुमारास सुरक्षेची तालीम असते. ती उरकून टाकण्याची गोष्ट नाही. समुद्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २४ तास किंवा अधिकच्या प्रवासात जहाजावरच्या प्रत्येक तान्ह्या बाळासाठी त्याच्या मापाचं जीवरक्षक जाकीट असावंच लागतं. आपल्या बाळाचं जाकीट कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून प्रत्यक्ष पाहून घ्यावं. अनेक जहाजांवर मुलांच्या मनगटावर जमण्याच्या जागेचा क्रमांक लिहिलेली पट्टी बांधतात. मूल क्लबमध्ये असताना घंटा वाजली, तर कर्मचारी त्याला तिथे आणणार की आपण क्लबकडे जायचं, याची पद्धत कंपनीप्रमाणे बदलते. ती विचारून, दोघांनी एकमेकांना म्हणून दाखवून पक्की करावी. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं, त्यांची नावंही नोंदवलेली असावीत. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांचीही.

आता भेटीच्या क्षणाबद्दल. एन्सवर्थने पुढे बाल्टिमोरमध्ये साधारण वर्षभराच्या मुलांचा एक प्रयोग केला. अनोळखी खोलीत आई मुलाला काही मिनिटं सोडून जाते आणि परत येते, एवढाच तो प्रयोग. १९७८ मध्ये त्यावरचं पुस्तक आलं. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की आई गेल्यावर मूल किती रडलं, याला त्यात निर्णायक महत्त्व नाही. ती परत आल्यावर ते काय करतं, तिच्या कुशीत शांत होऊन पुन्हा खेळाकडे वळतं का, यावरून दोघांचं नातं ओळखलं जातं. नर्सरीच्या दारात हे लक्षात ठेवावं. दोन तास छान खेळलेलं मूल आईला पाहताच भोकाड पसरतं. आई कासावीस होते, इथे त्याचे हाल झाले असं तिला वाटतं. बहुधा तसं नसतं. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं ते आपल्या माणसापाशी मोकळं करत असतं. त्याला रडू द्यावं, छातीशी धरावं, ‘बघ, आई आली ना’ एवढंच म्हणावं. हातात मोबाइल नसावा, पुढच्या कार्यक्रमाची घाई नसावी. भरवसा याच क्षणी पक्का होतो. मूल खरोखरच सावरत नसेल, पुन्हापुन्हा बोलावणं येत असेल, तर त्या सफरीपुरता नर्सरीचा विचार मनापासून सोडून द्यावा. त्याची वेळ आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घरातल्या वडीलधाऱ्यांना यात एक शंका असते. एवढे पैसे खर्चून सुट्टीवर जायचं आणि तिथे मूल परक्यांच्या हाती द्यायचं, हे कसलं आईपण? शंका प्रेमातून आलेली आहे, तिला उत्तर द्यायला हवं. भरल्या घरात मूल कधीच एकट्या आईच्या हातात नव्हतं. आजी, काकू, मोठी चुलत बहीण, शेजारीण अशा अनेक हातांतून ते वाढायचं, आणि आईला दुपारी तासभर डोळा लावता यायचा. आज शहरातल्या दोन खोल्यांत ते हात राहिलेले नाहीत. दोन वर्षं सलग झोप न झालेल्या बाईला सुट्टीत दीड तास कुणी मूल सांभाळलं आणि तिने नवऱ्यासोबत गरम जेवण गरम असताना जेवलं, तर त्यात अपराध कसला? ताजीतवानी होऊन परतणारी आई ही मुलाचीही गरज असते. अट एकच, ती सांगून जावी आणि सांगितल्यावेळी परतावी.

शेवटी ही गोष्ट एकेका कुटुंबाच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतून केंद्र सरकारचं ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू झालं. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे. या वाढत्या प्रवाशांत लहान मुलं असणारच. त्यांच्यासाठी काय करावं, याचा धडा आपल्या किनाऱ्यावरच गिरवला गेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मुलाला ओढून संस्थेत आणण्यापेक्षा संस्थेनेच मुलापर्यंत जावं, हा त्यामागचा विचार होता. आपल्या बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांनी तो उचलावा. तिनाच्या आतल्या मुलांसाठी वेगळी खोली असावी, पहिल्या दिवशी आईला तिथे मुलाजवळ बसू द्यावं, सफरभर शक्यतो एकच ताई त्याच्या वाट्याला यावी आणि तिला मराठी-हिंदीतले ते दहा-बारा शब्द यावेत.  प्रवाशांनी तिकीट काढतानाच हे मागायला सुरुवात करावी, कारण विचारणा झाल्याशिवाय कुठलीच कंपनी अशी सोय करत नाही.